ओढा, ओहोळ, पऱ्या… आणि बिचारा नाला!

मुलांनो, इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकात 'क्रीक' हा शब्द आला, की आमच्या नावड्याच्या पोरांची हमखास पंचाईत होते. आपल्याला क्रीक म्हणजे पनवेलची नाहीतर ठाण्याची खाडी माहीत. भरती-ओहोटी, खारं पाणी, चिखल, खारफुटी. आणि पुस्तकातला अमेरिकन मुलगा तर एका उडीत क्रीक ओलांडतो! तो काय हनुमान आहे? छे! इंग्लंडात क्रीक म्हणजे समुद्राचा जमिनीत शिरलेला चिंचोळा फाटा. इंग्रजांनी आपल्या खाड्यांनाही तेच नाव दिलं. पण अमेरिकेत जाऊन वसलेली मंडळी साध्या ओढ्यालाही क्रीक म्हणू लागली.

ओढ्यांसाठी इंग्रजीत शब्दांची चंगळच आहे. 'ब्रूक' म्हणजे छोटा ओढा. उत्तर इंग्लंडात त्यालाच 'बेक' म्हणतात. हा शब्द हजारेक वर्षांपूर्वी तिकडे येऊन राहिलेल्या व्हायकिंग लोकांचा. स्कॉटलंडात 'बर्न'. अगदी बारीक धार असेल तर 'रिल'. मला सगळ्यांत आवडतो तो 'विंटरबोर्न', म्हणजे हिवाळी ओढा. दक्षिण इंग्लंडात खडूच्या खडकाची जमीन आहे, ती स्पंजासारखी पाणी पिते. हिवाळ्यातल्या पावसाने जमिनीतलं पाणी वर चढलं की हा ओढा वाहू लागतो आणि उन्हाळ्यात पार कोरडा पडतो.

आता कुणी म्हणेल, बघा, इंग्रजी किती श्रीमंत! थांबा जरा. नावड्याच्या वसाहतीत साऱ्या महाराष्ट्रातली माणसं राहतात. एकदा वर्गात विचारलं, "गावाकडे पावसाळ्यात डोंगरातून पाणी वाहत येतं, त्याला काय म्हणता रे?" साताऱ्याकडचा मुलगा म्हणाला, ओढा. रत्नागिरीची मुलगी म्हणाली, पऱ्या. सावंतवाडीकडची म्हणाली, व्हाळ. (गोव्यातही व्हाळच. आणि लांब कशाला, इथे उलव्याजवळ वहाळ नावाचं गावच आहे.) नागपूरकडच्या एकाने 'नाला' म्हटलं आणि बाकीचे फिदीफिदी हसले. त्या हसण्याकडे पुढे येते.

पावसाच्या पाण्याने मातीत पडते ती रेघ म्हणजे ओघळ. गालावरून आसू ओघळतात, तसंच. त्याहून मोठा ओहोळ, त्याहून मोठा ओढा. झरा जमिनीतून फुटतो. पाट मात्र माणसाने शेतासाठी काढलेला. त्याला ओढा म्हणाल तर शेतकरी हसेल. पाणी अडवायच्या कामात हा फरक फार उपयोगी पडतो. तिथे 'माथा ते पायथा' असा नियम आहे. आधी डोंगरावरचे ओघळ दगडांनी अडवायचे, मग खाली नाल्यावर बांध घालायचा. उलट केलं तर वरची माती वाहून येते आणि बांध गाळाने भरतो.

आता नाल्याचं. विदर्भात नाला म्हणजे शेताशेजारून वाहणारा ओढाच. आपल्याकडे मात्र नाला म्हणजे गटार! आणि एकदा नाला म्हटलं, की त्यात कचरा टाकायला कुणाचा हात अडत नाही. मुंबईची मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. पण कित्येक मुंबईकर तिला नालाच समजत. तिच्यात कचरा पडला, काठावर भराव पडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, मिठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की ही तर नदी! आपल्या तळोजा औद्योगिक वसाहतीजवळून वाहणारी कासाडी हीसुद्धा नदीच. तिच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं. तरी पुलावरून नाक दाबून जाणारे तिला काय म्हणतात, ते तुम्ही ऐकलंच असेल.

गंमत म्हणजे आपला 'नाला' इंग्रजी शब्दकोशातही जाऊन बसलाय. इंग्रजांनी त्याचा 'नल्ला' केला आणि थेट हाँगकाँगला नेला. तिथे सिमेंटने बांधलेल्या पाण्याच्या चरांना नल्ला म्हणतात. त्यांतला काई ताक नल्ला घाणीसाठी प्रसिद्ध होता. तिथल्या सरकारने तो साफ करायला घेतला. पाणी सुधारलं, मासे आले, माशांमागे बगळे आले. मग त्याचं नावही बदललं. आता त्याला म्हणतात काई ताक रिव्हर.