त्रिरश्मी लेण्यांची एका दिवसाची सहल : गाईडला काय विचारावे?

प्रवासाची आवड आता सर्वांनाच लागली आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे. पूर्वी लग्नकार्य, यात्रा किंवा नोकरीतील बदली एवढ्याच कारणांनी घराबाहेर पडणारी आपली माणसे आता चार-पाच कुटुंबे मिळून गाडी ठरवतात, सोबत माहितगार गाईड घेतात आणि एखादे प्रसिद्ध स्थळ पाहून रात्री घरी परततात. परंतु परतल्यावर "काय पाहिलेत?" असे विचारले, तर बहुतेकांजवळ फोटोंखेरीज सांगण्यासारखे फारसे नसते. लेणी ती लेणी. खांब, ओसरी, मूर्ती. ती कोणी कोरवून घेतली, पैसा कोणाचा होता, तेथे राहणाऱ्यांचा खर्च कसा चालला, हे प्रश्न जसेच्या तसे राहतात. म्हणून या लेखात एकच स्थळ निवडून, तेथे एका दिवसात काय पाहावे आणि सोबतच्या गाईडला काय विचारावे, हे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. ते स्थळ म्हणजे नाशिकची त्रिरश्मी लेणी.

या लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणतात. वनवासात असताना पांडवांनी ती एका रात्रीत कोरली, अशी कथा आजही सांगितली जाते. कथा ऐकायला आमची हरकत नाही. पण डोंगराचे नाव आणि लेणी देणाऱ्यांची नावे त्याच भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेली असताना तेवढ्या कथेवर समाधान मानून परत फिरणे योग्य नव्हे. कोरीव लेखांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे येते, तोच त्रिरश्मी. येथे एकूण चोवीस लेणी असून बहुतेक काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचे आहे. काही लेण्यांत नंतरच्या काळात बुद्धमूर्तींची भर पडली.

आधी व्यवस्थेविषयी. मुंबईहून नाशिक सुमारे १७० किलोमीटर आहे. कसारा घाट चढून गेल्यावर शहरात शिरण्यापूर्वीच मुंबई-आग्रा महामार्गालगत हा डोंगर लागतो. म्हणून शहरात न जाता प्रथम लेणीच पाहावीत. पहाटे पाचला निघाले तर ऊन तापण्यापूर्वी पायथा गाठता येतो. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक व बुद्ध स्मारक आहे. तेथून सुमारे दोनशे पायऱ्या चढाव्या लागतात. वृद्ध मंडळींनी सावकाश, बसत-उठत चढावे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. पाणी सोबत असावे आणि प्रत्येक कुटुंबामागे एक बॅटरी अवश्य असावी. लेण्यांच्या आत उजेड कमी असतो आणि अक्षरे वाचायला बॅटरीचा तिरपा प्रकाश फार उपयोगी पडतो. लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असून प्रवेशास तिकीट आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही.

खाजगी गाडी करताना खर्चाची पाच खाती आधीच कागदावर मांडावीत : गाडीभाडे व ड्रायव्हरचा भत्ता, टोल व पार्किंग, तिकिटे, जेवणखाण आणि गाईडचे मानधन. ही बेरीज माणसांवर वाटून वर्गणी आगाऊ गोळा केली म्हणजे परतीच्या वाटेवर वाद होत नाहीत. गाईडही पायथ्याशी ऐनवेळी शोधू नये, आधी ठरवावा. त्याचे ओळखपत्र पाहावे, किती तास देणार व किती घेणार हे स्पष्ट बोलून घ्यावे. आणि मुख्य म्हणजे, "आम्हांला शिलालेख पाहायचे आहेत, ३, १०, १८ आणि २० या क्रमांकांच्या लेण्यांतील लेखांची माहिती द्याल काय?" असे फोनवरच विचारावे. जो आनंदाने होकार देईल तो आपला गाईड. आमचा अनुभव असा की, ऐकणाऱ्यांनी आस्था दाखवली की गाईडही नेहमीच्या ठरावीक गोष्टी बाजूला ठेवून मनापासून बोलू लागतो.

आता प्रत्यक्ष लेण्यांकडे वळू. आम्ही पोटासाठी बँकेत खातेवह्या सांभाळणारी माणसे. त्यामुळे लेणे क्र. १० आम्हांला सर्वांत जवळचे वाटते. हे लेणे क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने दिले. त्याच्या ओसरीत वर्ष ४२ चा जो लेख आहे, त्याला आम्ही महाराष्ट्रातील जुन्यात जुन्या मुदत ठेवींपैकी एकीची पावती म्हणतो. उषवदाताने ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' केली. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडायची ठेव. यातील २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका संघाकडे दरमहा शेकडा एक या दराने ठेवले आणि १,००० कार्षापण विणकरांच्याच दुसऱ्या संघाकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत मागायची नाही, केवळ व्याज वापरायचे, असे लेखात स्वच्छ म्हटले आहे.

विद्यार्थ्यांनी येथे पेन्सिल काढून हिशेब करावा. २,००० चे शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेख सांगतो की, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०! एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे व्याज महिन्याला साडेसात, म्हणजे वर्षाला ९० होते. ते भिक्खूंच्या इतर गरजांकडे लावून दिले. हा सारा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून फलकावर नोंदवला, असेही लेखात आहे. ठेव, दर, लाभार्थी, साक्ष आणि नोंद या पाचही गोष्टी तेथे आहेत. आजच्या कोणत्याही ट्रस्टच्या दप्तरात याहून अधिक काय असते?

यातील एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. राजाच्या जावयाने हा पैसा राजाच्या खजिन्यात ठेवला नाही, विणकरांच्या संघाकडे ठेवला. राज्ये येतात आणि जातात, पण हातमाग चालू राहतो, हे त्याला कळत असले पाहिजे. आणि झालेही तसेच. पुढे थोड्याच काळात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी नहपानाची असून त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. राज्य बदलले की नाण्यावरचे चिन्ह असे बदलते. ज्या कष्टकऱ्यांच्या हाती ही ठेव दिली होती, त्यांची पत मात्र राजाच्या शिक्क्यावर उभी नव्हती.

तेथून लेणे क्र. ३ कडे यावे. ओसरीखाली सहा धिप्पाड आकृती खांद्यावर तुळया घेऊन जणू सगळे लेणे उचलून धरीत आहेत. हे लेणे गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात भिक्खुसंघाला दिले. मुलाच्या पराक्रमाचे वर्णन तिने भिंतीवर कोरवून ठेवले आहे. याच लेण्यात गौतमीपुत्राच्या काळातील दोन आज्ञाही आहेत, त्या आम्हांला अधिक बोलक्या वाटतात. पहिलीत, पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील भिक्खूंना दिल्याचे म्हटले आहे. सहा वर्षांनंतरची दुसरी आज्ञा म्हणते की, ते शेत कसले जात नाही, तो गावही ओस आहे. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीचे शंभर निवर्तनांचे शेत द्यावे. म्हणजे दान देऊन झाले की राजा मोकळा झाला नाही. दिलेले दान भिक्खूंच्या हाती पडते की नाही, याची चौकशी झाली आणि चूक दुरुस्त करण्यात आली. कल्याणनिधी चालवणाऱ्या कोणत्याही मंडळाने हा धडा गिरवावा असा आहे.

लेणे क्र. १८ हे चैत्यगृह. आत अष्टकोनी खांब आणि मधोमध स्तूप. बाहेरच्या दर्शनी भागावर कमानीचे सुंदर कोरीवकाम आहे. ते दरवाजावरील काम धंभिक नावाच्या गावाने दिल्याचा लेख तेथे आहे. एका माणसाचे नाव नाही, अख्ख्या गावाचे! चैत्यगृह पूर्ण केले ते भट्टपालिका नावाच्या एका राजामात्याच्या पत्नीने. लेणे क्र. २० ची कथा आणखी वेगळी आहे. बोपकी नावाच्या यतीने ते सुरू केले आणि पुष्कळ वर्षे ते अपुरेच राहिले. मग यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी भवगोप या महासेनापतीची पत्नी वासू हिने ते पुरे करून संघाला दिले. विहाराचे बांधकाम निधीअभावी रखडलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा लेख वाचून धीर येईल.

राजघराणी आणि अमात्य तेवढे दाते होते असे मात्र कोणी समजू नये. येथे मुगुदास नावाच्या 'दासक' माणसाने आपल्या परिवारासह लेणे दिले आहे. दासक याचा अर्थ अभ्यासक कोळी असा लावतात. दशपूरचा शक वुधिक हा व्यवसायाने 'लेखक', म्हणजे आमच्यासारखाच कारकून. त्याने एक लेणे आणि पाण्याची दोन टाकी दिली. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात पाण्याची यंत्रे बनवणारे कारागीर, तेली इत्यादींच्या श्रेणींकडे रकमा ठेवल्या. त्यांच्या व्याजातून आजारी भिक्खूंच्या औषधपाण्याची सोय व्हावी, असा तिचा संकल्प होता. उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचेही लेणे येथे आहे. कोळी, कारकून, परदेशी, स्त्रिया, सर्वांची नावे एकाच डोंगरावर राजांच्या शेजारी आहेत. पांडवांनी एका रात्रीत कोरली असे म्हटले की ही सगळी माणसे पुसली जातात. आमच्या मते खरे नुकसान हेच. आपल्या मुलांना वाटते की मोठी कामे देव, राजे आणि चमत्कार करतात. कष्टकऱ्याचे त्यात काही नाही. वास्तविक दगड नेमके उलट सांगतो आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट नमूद करतो. लेखांची भाषा प्राकृत असून तीत आपल्या मराठीचे पूर्वज भेटतात. लेखातील 'लेण' म्हणजे आपले लेणे. 'ओवरक' म्हणजे खोली, त्यावरून आपली ओवरी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांचे कोरीव लेख मराठीत अर्थासह प्रसिद्ध केले आहेत. तो ग्रंथ वाचनालयातून आणून सहलीपूर्वी एखाद्या सायंकाळी सर्वांसमोर वाचला, तर गाईडला प्रश्न विचारण्याची भीती उरत नाही.

दुपारचे जेवण उरकून पंचवटीतील काळाराम मंदिराकडे जावे. काळ्या दगडातील हे मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार ओढेकरांनी बांधले, एवढे गाईड सांगेलच. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे लढवला, हे सांगितले नाही तर आपण विचारावे. सकाळी पाहिलेल्या डोंगरावर कोळ्याचे नाव राजाच्या नावाशेजारी कोरलेले आणि दुपारी पाहिलेल्या दारात माणसांना माणूस म्हणून आत जाण्यासाठी लढावे लागले; हे अंतर मुलांनी एकाच दिवसात पाहिले तर त्यांना इतिहास वेगळा शिकवावा लागणार नाही.

शेवटी एक विनंती. लेण्यांच्या भिंतींवर अलीकडच्या लोकांनी खिळ्याने स्वतःची नावे ओरखडलेली दिसतात. पूर्वीच्यांनी काही देऊन नाव कोरले. हे लोक काही न देता, असलेले खराब करून नाव कोरतात. आपल्या मुलांना यापासून परावृत्त करावे. त्याऐवजी प्रत्येकाने वहीत एका दात्याचे नाव, त्याचा व्यवसाय आणि त्याने दिलेले दान उतरवून आणावे. आपल्या विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी आहे. तीत पाचशेवाल्याचे नाव आहे तसे अकरा रुपयेवाल्याचेही आहे. ती पद्धत कोठून आली, हे त्या वहीवरून मुलांना आपोआप कळेल.