दंगल न झालेलं गाव
वाढती शहरं : लेखांक सातवा

6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्याच रात्रीपासून मुंबई पेटू लागली. डिसेंबरचे पाच दिवस आणि पुढे जानेवारीचे दोन आठवडे शहरात जे घडलं त्याची मोजदाद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे : 900 मृत्यू. त्याच दिवसांत, ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की लागणाऱ्या भिवंडीत दंगल झाली नाही. जिच्या नावानंच महाराष्ट्राला दंगल आठवायची, ती भिवंडी शांत राहिली.

हे नशिबानं झालं नव्हतं. त्यामागे चार वर्षांचं काम होतं. वाढत्या शहरांतल्या गुन्हेगारीचा विचार करताना ते काम पुन्हा बारकाईनं पाहण्यासारखं आहे, कारण त्यात नवा कायदा नव्हता, नवी यंत्रणा नव्हती आणि खर्च तर जवळजवळ नव्हताच.

आधी गावाची ओळख. भिवंडी म्हणजे यंत्रमाग. 1857 च्या उठावानंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, त्यांच्या आधीपासून इथे असलेले कोकणी मुसलमान, तेलंगणातून आलेले पद्मशाली, भोवतालच्या गावांतले आगरी आणि कोळी, अशी या गावाची घडण. मुंबईच्या कापड गिरण्यांना उतरती कळा लागली तसे इकडचे माग वाढत गेले आणि मागांबरोबर माणसं. 1981 च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती. 2001 मध्ये ती सहा लाखांच्या घरात गेली आणि 2011 मध्ये सात लाखांच्या वर. यातले हजारो लोक उत्तर प्रदेश आणि बिहारमधून एकटे आलेले तरुण. बारा तासांची पाळी, एकाच खोलीत दिवसपाळीवाल्यांनी रात्री आणि रातपाळीवाल्यांनी दिवसा झोपायचं, जेवण खानावळीत. आई, बायको, भावंडं हजारभर किलोमीटर दूर. शेजारी कोण हे माहीत नाही आणि शेजाऱ्यालाही आपण माहीत नाही. शहर वाढतं तेव्हा रस्ते आणि पाणी कमी पडतं हे सगळ्यांना दिसतं. ओळख कमी पडते, हे मात्र काही विपरीत घडेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

भिवंडीत ते दोनदा घडलं. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि पाऊणशेच्या वर माणसं मेली. भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या त्या वेळच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं केली. मे 1984 मध्ये पुन्हा तेच, आणि या वेळी शंभरावर बळी. दंगल हा एका दिवसाचा गुन्हा नसतो. खून, जाळपोळ, लूट, बलात्कार हे सगळे गुन्हे त्यात एकत्र येतात आणि एरवी ज्याच्यावर साधा अदखलपात्र गुन्हाही नोंदलेला नसतो, असा माणूस त्यात उतरतो.

1988 मध्ये सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. आल्यावर त्यांनी जुन्या दंगलींचा अभ्यास केला. शांतता समिती गावाला नवी नव्हती. पण ती तणाव वाढला की बोलावली जायची. तिच्यात पुढारी, कारखानदार, दोन्ही समाजांतली वजनदार मंडळी असायची. चहा व्हायचा, एकोप्याचं आवाहन व्हायचं, आणि ज्या गल्लीत दगड पडणार असत त्या गल्लीतलं कुणीच त्या खोलीत नसायचं. वजनदार माणसांचा गल्लीवर ताबा असतोच असं नाही, आणि असलाच तर तो शांततेसाठी वापरायची त्यांना गरज वाटेल असंही नाही.

खोपडे यांनी मांडणीच बदलली. गाव मोहल्ल्यांत वाटलं आणि सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकेका समितीत पन्नासेक माणसं, हिंदू आणि मुसलमान बरोबरीनं. म्हणजे गावभर साडेतीन हजार. माग चालवणारे, दुकानदार, रिक्षावाले, शिक्षक, अशी त्याच मोहल्ल्यात राहणारी साधी माणसं घेतली. राजकीय पुढाऱ्यांना मुद्दाम दूर ठेवलं. पोलिसांनी या बैठका घ्यायच्या त्या सगळं सुरळीत असताना, नेमानं.

बैठकीत बोलायचं तरी काय? एकोप्यावर भाषणं केली असती तर तिसऱ्या बैठकीला कुणी आलं नसतं. बोलणं व्हायचं ते नळावरच्या भांडणाचं, तुंबलेल्या गटाराचं, पोरांच्या मारामारीचं, नाक्यावर टवाळक्या करणाऱ्या टोळक्याचं. यातलं निम्मंअधिक पोलिसांच्या अखत्यारीत येतही नाही. पण ठाण्याची पायरी चढायला बिचकणारा माणूस इथे हवालदाराशी बोलायला शिकला, आणि गल्लीत नुसता बंदोबस्ताला उभा राहणारा हवालदार लोकांना नावानं ओळखू लागला. दोन समाजांतली माणसं समोरासमोर बसून गटारावर तक्रार करतात तेव्हा गटार दोघांचंही असतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

गुन्हा कमी होण्याची प्रक्रिया इथे सुरू होते. ती तीन-चार वाटांनी चालते आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाट अफवेची आहे. 'पलीकडच्या मोहल्ल्यात आपल्या माणसाला कापलं' ही बातमी रात्री अकरा वाजता येते. पलीकडे कुणीच ओळखीचं नसेल तर ती खरी मानण्यावाचून पर्याय नसतो. भीतीनं माणूस काठी हातात घेतो आणि त्याच्या हातातली काठी पलीकडच्यांना दिसते. ओळख असेल तर तो विचारतो. विचारलं की खोटं जागच्या जागी मरतं. दुसरं म्हणजे छोटं भांडण छोटं असतानाच मिटतं. दोन पोरांच्या धक्काबुक्कीला दोन समाजांचं रूप यायला जो वेळ लागतो, त्याच्या आत कुणीतरी मध्ये पडतं. आणि पोलिसांना खबर मिळते ती पैसे घेणाऱ्या खबऱ्याकडून नव्हे, तर ज्याचं घरदार त्या गल्लीत आहे अशा माणसाकडून.

डिसेंबर 1992 आला तेव्हा खोपडे यांची बदली झालेली होती आणि गुलाबराव पोळ उपायुक्त होते. त्यांनी समित्या मोडल्या नाहीत, चालवल्या. हा तपशील सहसा एका वाक्यात उरकला जातो, पण सगळ्या कहाणीचं मर्म इथेच आहे. आपल्याकडे नव्या साहेबानं जुन्या साहेबाचा उपक्रम बासनात गुंडाळण्याची रीत आहे. भिवंडीत तसं झालं नाही आणि कसोटीच्या दिवसांत समित्यांतली माणसं आपापल्या गल्लीत उभी राहिली.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांची जोड्या लावून तुलना केली. अलिगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनऊ, अहमदाबाद आणि सुरत. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा की शेजाऱ्याशी नुसतं बरं असणं मोठ्या शहराला पुरत नाही. खेड्यात ते पुरतं. शहरात दोन्ही समाजांची माणसं एकाच संघटनेत, व्यापारी मंडळात, कामगार संघटनेत असावी लागतात. जिथे अशा संस्था आपोआप उभ्या राहिल्या नाहीत तिथे त्या घडवता येतात का, या प्रश्नाशी ते भिवंडीचं उदाहरण ठेवतात. पोलिसांनी पुढाकार घेतला तर येतात, असं ते उदाहरण सांगतं.

मुंबईनं हा धडा उशिरा, पण घेतला. 1994 मध्ये निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकारानं मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. पोरांना एकत्र आणायला त्यांनी क्रिकेटचे सामने भरवले, पोलीस आणि वस्त्यांमधली तरुण मुलं त्यात उतरू लागली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी हेच काम आपल्या परीनं केलं. चार धर्मांच्या वेशातल्या चार मुलांचं 'हम सब एक हैं' हे वकार खान यांचं पोस्टर पुढे गावोगावी लागलं. या दोघांच्या मैत्रीवर आणि कामावर 'नाता' हा माहितीपटही झाला.

आता घराकडे वळू. मोहल्ला समितीत बसणारा माणूस बहुधा कर्ता पुरुष असतो. पण शहरातला रोजचा गुन्हा, मोबाइल हिसकावणं, कोयता घेऊन फिरणं, वस्तीतल्या 'भाई'च्या मागे लागणं, यात ओढला जातो तो त्याचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. आणि त्या मुलात झालेला बदल आधी कुणाला कळतो? आईला. नवा बूट कुठून आला, रात्री दोनला कुणाचा फोन येतो, हे तिला ठाण्याच्या कितीतरी आधी माहीत असतं. ती बोलत नाही, कारण बोलली तर पोराला उचलून नेतील एवढंच तिला ठाऊक असतं. तिच्या दृष्टीनं पोलीस आणि तुरुंग यांच्यामध्ये दुसरं काही नाहीच.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात नेमकं हे 'मधलं काही' उभं करण्याचा प्रयत्न झाला. नोव्हेंबर 1992 पासून तिथले प्रोबेशन अधिकारी आणि पोलीस जोडीनं संध्याकाळी घरोघर जाऊ लागले. न्यायालयानं अटींवर सोडलेला मुलगा ठरल्या वेळी घरी आहे का, हे पाहायचं आणि तो घरी असो वा नसो, आईवडिलांशी बोलायचं. मुलाला घरात थांबवायला अनेक आयांना निमित्त हवं होतं. 'ते लोक कधीही येतील' हे निमित्त त्यांना मिळालं. मुलांनाही दोस्तांना नाही म्हणायला तेच कारण उपयोगी पडलं. चर्चचे पाद्री रात्री रस्त्यांवर फिरू लागले. 1996 मध्ये पोलीस, पाद्री, समाजसेवक यांनी टोळ्यांतल्या मुलांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं की गोळी चालली तर सगळी टोळी कारवाईच्या कक्षेत येईल, आणि बाहेर पडायचं असेल तर शिक्षण आणि कामासाठी मदत आहे. 1991 ते 1995 या काळात तिथे 24 वर्षं आणि त्याखालच्या वयाच्या सरासरी 44 जणांचे खून दरवर्षी होत. 1996 मध्ये 26 झाले, 1997 मध्ये 15. त्या वर्षांत अमेरिकेतल्या इतर शहरांतही खून घटत होते, तेव्हा सगळं श्रेय या उपक्रमाला देता येत नाही. पण बॉस्टनमधली घट वेगळी उठून दिसावी इतकी मोठी होती.

आपल्याकडे अशा कामासाठी कायद्यात जागा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावा आणि जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजसेवक असावेत, त्यांपैकी एक महिला, अशी तरतूद केली आहे. मूल ताब्यात घेतलं तर पालकांना कळवणं बंधनकारक आहे. घरातल्या हिंसाचारासाठी तर मुंबईनं 1984 मध्येच वाट दाखवली : टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आत बसू लागल्या. पुढे राज्य सरकारनं हे कक्ष महाराष्ट्रभर नेले. ज्या घरात बाप रोज हात उगारतो त्या घरातला मुलगा बाहेर काय शिकून जातो, हे या कार्यकर्त्यांना विचारावं. घरातला मार थांबवणं हे गुन्हेगारी रोखण्याचंच काम आहे, पण ते आपण फार काळ 'बायकांचा प्रश्न' म्हणून बाजूला ठेवलं.

या वाटेवर खड्डेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. समितीचं ओळखपत्र मिळालं की काहींना ठाण्यातली कामं करून देण्याचा धंदा सुचतो. कुणी शेजाऱ्याचा जुना हिशेब चुकता करायला 'खबर' देतो. कुणी संस्कृतीरक्षक होऊन बागेत बसलेल्या मुलामुलींना हुसकावतो. आणि बलात्कार किंवा बायकोला मारहाण यांसारखा गंभीर गुन्हा 'आपसात मिटवा' म्हणून दाबला गेला, तर त्या समितीपेक्षा समिती नसणं बरं. 2007 मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना गावांसाठी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिथेही काय मिटवायचं आणि काय न्यायालयात जाऊ द्यायचं, ही रेघ ठळक ठेवणं हेच खरं कौशल्याचं काम होतं.

भिवंडीतही पुढे सैलपणा आला. 5 जुलै 2006 रोजी पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीच्या जागेवरून वाद चिघळला. जागा कब्रस्तानची असल्याचा आंदोलकांचा दावा होता. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण गेले आणि त्यानंतर जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. पोलीस आणि मोहल्ला यांच्यात चौदा वर्षांपूर्वी जे नातं होतं ते तोवर विरलं होतं. हे काम एकदा करून संपत नाही. गावात दर वर्षी नवी माणसं येतात आणि ठाण्यात दर दोन वर्षांनी नवा साहेब.

दोन वर्षांची गोष्ट अक्षरशः खरी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात 2014 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार निरीक्षकाचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा आणि उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याचाही दोनच वर्षांचा. शिपाई आणि हवालदार यांचा मात्र पाच वर्षांचा. तेव्हा मोहल्ला समिती उपायुक्ताच्या उत्साहावर उभी करण्यापेक्षा बीटवरच्या हवालदाराच्या हाती द्यायला हवी. महिन्यातली ठरलेली तारीख, ठरलेली जागा, बैठकीचं टिपण ठेवणारी वही. समितीत निम्म्या बायका. पद्मशाली वस्तीतली तेलुगू विणकर बाई आणि खानावळ चालवणारा उत्तर भारतीय दोघंही त्यात. एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या खोल्यांतून निवडलेला एखादा तरुण. त्या हवालदाराच्या वार्षिक मूल्यमापनात किती जणांना पकडलं याबरोबर बैठका किती झाल्या आणि त्यांतल्या किती तक्रारी निघाल्या, हेही लिहिलं जावं. बदली झालीच तर नव्या हवालदारानं जुन्याबरोबर दोन बैठकांना बसावं आणि वही त्याच्याकडून मागून घ्यावी.