आडोशाचे कुंपण

बंगल्याच्या बागेला कुंपण शोभेसाठी हवे असते. कामगाराच्या घराला ते अब्रूसाठी हवे असते. १९९५ साली आम्ही वसाहतीच्या कडेला पत्र्याचे घर बांधले. न्हाणी मागच्या अंगणात, पलीकडून रहदारीची पायवाट. घरच्या बायकांना उजाडण्यापूर्वी उठून अंघोळ उरकावी लागे. विटांच्या भिंतीला पैसे नव्हते. तेव्हा आम्ही एका माळ्याला विचारले, "सर्वांत लवकर वाढणारे झाड कोणते?" हा प्रश्नच अपुरा होता, हे कळायला आम्हांस दोन पावसाळे लागले.

आम्ही शेवरी पेरली. वर्षाच्या आत ती डोक्याच्या वर गेली आणि आम्ही खूश झालो. छाटायला मात्र हात धजेना; उंची मोठ्या कष्टाने मिळाली होती ना! दुसऱ्या वर्षी शेंडे हिरवे आणि बुंधे उघडे. घरातून टोमणा आला, "वरून झाकलं, खालून उघडंच की!"

याचे कारण साधे आहे. झाडाचा शेंडा जोरात असला म्हणजे तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की ते डोळे जागे होतात आणि बाजूच्या फांद्या निघतात. आडोसा तर गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच हवा असतो. म्हणून झाड किती लवकर चढते यापेक्षा छाटल्यावर ते किती दाट फुटते, हे आधी पाहावे.

गिरीपुष्पाची फांदी पावसाळ्यात रोवली की लगेच फुटते. पण हिवाळा सरता सरता तिची पाने गळतात आणि आडोसा नाहीसा होतो. शिवाय तिच्या बिया विषारी. शेराला गुरे तोंड लावीत नाहीत हे खरे. पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना मोठी इजा होते. जेथे पोरे खेळतात तेथे तो नकोच. बिट्टीचेही तसेच, तिच्या बिया जीवघेण्या आहेत. बांबूचा पडदा उत्तम, पण त्याच्या बेटाला ऐसपैस जागा लागते.

अलीकडे कोनोकार्पस नावाचे परदेशी झाड पुष्कळ ठिकाणी लावले गेले. भराभर वाढणारे आणि बारमाही हिरवे. परंतु त्याच्या परागांमुळे सर्दी, खोकला, दमा यांचा त्रास होतो आणि मुळे जमिनीखालच्या नळांत व तारांत घुसतात, या कारणांवरून गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. घाईचे मोल शेजाऱ्यालाही भरावे लागते, ते असे.

मग लावावे काय? कोयनेल, म्हणजे कडू मेंदी, आमच्या मते पहिली. छाट कलमाने येते, कडू असल्याने शेळ्या सहसा सोडून देतात, आणि कात्री लावावी तितकी दाट होते. अडुळशाचेही जनावरांशी जमत नाही. वर खोकल्याच्या काढ्याला पाला घरचा. पाणी तुटपुंजे असेल तेथे मेंदी, आणि थोडे पाणी असेल तेथे जास्वंद.

पावसाळ्याच्या तोंडी हातभर रुंद चर खणावा, शेणखत घालावे आणि दोन ओळींत, फूट-फूट अंतराने, एकाआड एक अशी रोपे लावावीत. हद्दीपासून दोन फूट आत लावावे; छाटायला जागा राहते आणि शेजाऱ्याशी तंटा होत नाही. रोप दीड फूट झाले की शेंडा निर्दयपणे खुडावा. पुढे प्रत्येक फुटाला पुन्हा. कुंपण वर निमुळते आणि खाली रुंद ठेवावे, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. तोवरच्या दोन वर्षांसाठी बाहेरून शेवरीची ओळ घ्यावी किंवा काठ्यांच्या ताटीवर दोडका, घोसाळे चढवावे. आतले कुंपण भरले की शेवरी तोडून चुलीत घालावी. घाईचे झाड कामाचे आहे, पण बदली कामगार म्हणून. कायम जागा त्याला देऊ नये.

युनियन बांधतानाही आम्ही हेच शिकलो. एका सभेत पावत्या भराभर फाटतात आणि पहिल्याच टाळेबंदीत माणसे पांगतात. खाली, खात्याखात्यांत फांद्या फुटलेल्या असल्या तरच संघटना टिकते.

तिसऱ्या पावसाळ्यात आमची कोयनेल खांद्याला लागली. त्या वर्षी घरातल्या बायका प्रथमच उजाडल्यावर उठल्या. आमच्या कुंपणाची कमाई विचाराल तर ती एवढीच. आणि ती थोडी नव्हे.