देवघरातील शेंदूर आणि घरातील बालक

घरगुती रसायनांपासून मुलांना जपावे, हे आजच्या पालकांना सांगावे लागत नाही. फिनेलची बाटली वरच्या फळीवर जाते, उंदराचे औषध मुलांच्या नजरेआड ठेवले जाते. देवघरातील शेंदराची डबी मात्र रांगत्या बालकाच्या हाताशी राहते. ती वस्तू मंगल मानली जात असल्याने तिच्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पालकांच्या जागरूकतेतील ही उणीव भरून काढणे, हे आम्हांस वैद्यवर्गाचे व औषधी-विक्रेत्यांचे कर्तव्य वाटते.

तुळजापूरसारख्या क्षेत्री हा विषय अधिक जिव्हाळ्याचा आहे. श्री तुळजाभवानीच्या दर्शनास सहकुटुंब आलेले भाविक कपाळी मळवट भरतात, लेकरांनाही कुंकू लावतात आणि परतताना पुड्या घरी नेतात. हळदीवर चुना, टाकणखार, तुरटी, लिंबाचा रस यांचा संस्कार करून केलेल्या पारंपरिक कुंकवात शिसे नसते. शेंदूर ही वस्तू सर्वस्वी निराळी होय. तो शिशाचा ऑक्साइड असून चिमूटभर घेतला तरी हाताला जड लागतो. दुकानात व देवघरात मात्र दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात, आणि स्वस्त तांबड्या पुडीत नेमके काय आहे हे डोळ्यांना कळत नाही.

न्यू जर्सी तसेच मुंबई व दिल्ली येथून घेतलेल्या सिंदुराच्या ११८ नमुन्यांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. भारतातील नमुन्यांपैकी ४३ टक्क्यांत शिसे दर ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम या अमेरिकन मर्यादेहून अधिक आढळले.

बालकांस धोका अधिक, कारण पोटात गेलेले शिसे प्रौढांच्या चार ते पाच पट प्रमाणात त्यांच्या शरीरात शोषले जाऊ शकते. आहारात लोह कमी असल्यास शोषण आणखी वाढते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुद्धी व एकाग्रता यांवर होणारा परिणाम बहुधा भरून येत नाही.

आपल्या रसशास्त्राने नागाची गणना पूतिलोहात केली असून शोधन-मारणाविना त्याचा वापर निषिद्ध मानला आहे. जे द्रव्य आपण संस्काराविना औषधात घेत नाही, ते बालकाच्या बोटांवाटे मुखात जाऊ देणे शास्त्रसंगत कसे ठरेल? शिवाय २००४ साली बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्यापासून या प्रश्नी आपल्याकडे जगाचे लक्ष आहे. म्हणून याविषयी प्रथम आपणच बोलले पाहिजे.

पांडुता, मलावष्टंभ, वारंवार उदरशूल किंवा चिडचिड असलेले बालक आल्यास केवळ लोहकल्प देऊन थांबू नये. शेंदूर, सुरमा, जुन्या भिंतींचे सुटणारे रंग, घराजवळ बॅटरी फोडण्याचे काम यांविषयी मातापित्यांस विचारावे. शंका येताच रक्तातील शिशाची तपासणी करवून घ्यावी, कारण पुष्कळ बालकांत लक्षणे दिसतच नाहीत. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक आढळल्यास शिशाचा उगम शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन आहे. आपल्या परिभाषेत हेच निदानपरिवर्जन. पातळी फार वाढलेली असल्यास अथवा झटके, ग्लानी दिसल्यास बालकास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषधी-विक्रेत्यांनी शेंदूर व कुंकू वेगवेगळ्या खणांत ठेवावेत. शेंदराच्या पुडीवर ‘मुलांच्या हाती देऊ नये, अंगास लावू नये’ एवढे छापावे, आणि कुंकू घेताना उत्पादकाकडून शिशाच्या तपासणीचा दाखला मागावा. पालकांस सांगताना श्रद्धेला धक्का लावण्याचे कारण नाही. शेंदूर देवाच्या मूर्तीस लावावा, हात धुवावेत, डबी उंचावर ठेवावी. बालकाच्या कपाळी हळदीचे कुंकूच लावावे. एवढे दोन शब्द पुडी बांधताना सांगितले, तरी ते त्या घरापर्यंत पोहोचतील.