जुन्या मूल्यसूची आणि नाशिकच्या तिकिटांचे अपरिचित संच

नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ साली टपाल-तिकिटांची छपाई सुरू झाली. तत्पूर्वी हिंदुस्थानची बहुतेक तिकिटे लंडनची डी ला रू कंपनी छापीत असे. पाचव्या जॉर्जच्या छबीचे जुनेच नमुने नाशिकनेही बव्हंशी चालू ठेविले. पालटला तो कागद. लंडनच्या कागदात दर तिकिटामागे एकच ताऱ्याचे जलचिन्ह, तर नाशिकच्या कागदात ताऱ्यांची दाटी. याच तिकिटांवर चंबा, ग्वाल्हेर, जिंद, नाभा व पतियाळा या संस्थानांची नावे छापली जात. परिणामी प्रत्येक संस्थानाचे लंडनचे व नाशिकचे असे दोन संच निर्माण झाले. नुसत्या डोळ्यांना ते सहसा वेगळे दिसत नाहीत.

असे संच वेगळे काढावयास व्यापाऱ्यांच्या जुन्या मूल्यसूची उपयोगी पडतात. स्टॅन्ली गिबन्सची पहिली सूची १८६५ साली निघाली. तिचा हेतू विक्रीचा होता, इतिहासलेखनाचा नव्हे, हे अभ्यासकाने विसरू नये. लागोपाठच्या आवृत्त्या शेजारी ठेवून एका नोंदीच्या दोन नोंदी केव्हा झाल्या हे पाहावे. क्रमांकापुढे अक्षर जोडून मध्येच घातलेली नोंद बहुधा मागाहून मिळालेल्या माहितीची खूण असते. मात्र त्यावरून एवढेच ठरते की, त्या आवृत्तीपूर्वी तो संच अस्तित्वात होता. नोंद नाही म्हणून तिकीटच नव्हते, असे म्हणता येत नाही.

खरी फसगत किमतीच्या रकान्यात होते. या संस्थानी तिकिटांपैकी पुष्कळांना कोऱ्यापेक्षा वापरलेल्या प्रतीची किंमत अधिक दिलेली आढळते. कोरी तिकिटे संग्राहकांनी व व्यापाऱ्यांनी विकत घेऊन जपली. पत्रावर चिकटून गेलेली थोडीच उरली. अशा स्थितीत महाग म्हणजे कमी छापलेले, हे अनुमान चुकते. शिवाय कोऱ्या तिकिटावर बनावट शिक्का मारण्याचा मोह वाढतो तो निराळाच. तळाची किंमत तर मुख्यतः तिकीट शोधून देण्याची मजुरी असते. तिच्यावरून विपुलताही मोजता येत नाही.

म्हणून सूचीनंतर तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवून त्यावर बेंझिनचे थेंब सोडावेत आणि तारे पाहावेत. त्यात नाशिकचा कागद दिसला, आणि त्यावरील अस्सल शिक्क्याची तारीख सूचीतील प्रकाशनवर्षाच्या आधीची निघाली, तर दुरुस्ती सूचीत करावी लागते.