तलाव खोल असावा की उथळ?

बंगळूर नगरी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेली आहे. तिच्याजवळून एकही मोठी बारमाही नदी वाहत नाही. म्हणून पूर्वजांनी ओढ्यांच्या वाटेत मातीचे बांध घालून एकाखाली एक अशा तलावांच्या साखळ्या निर्माण केल्या. वरचा तलाव भरला म्हणजे सांडव्यावरून निघालेले पाणी खालच्या तलावास मिळे. नगराच्या वाढीबरोबर ही व्यवस्था विस्कळीत झाली. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज बसस्थानक आहे. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणण्यात येऊ लागले आणि उरलेल्या तलावांकडे दुर्लक्ष झाले. हे तलाव पुन्हा सजीव करावयाचे, तर त्यांत पाणी कोणत्या रीतीने साठवावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

पहिला मार्ग खोलीकरणाचा. गाळ उपसून तळ खोल केला की कमी जागेत अधिक पाणी मावते. एक हेक्टर क्षेत्रावर दोन मीटर खोल पाणी आणि अर्ध्या हेक्टरावर चार मीटर खोल पाणी, दोहोंचे घनफळ एकच, म्हणजे दोन कोटी लिटर होते. परंतु बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते. म्हणून दुसऱ्या साठ्याची वाफ होऊन होणारी हानी निम्मीच राहते. केवळ पाण्याचा विचार केल्यास हाच मार्ग श्रेष्ठ ठरेल.

तथापि तलाव म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. खोल व गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तळाशी मुळे धरणाऱ्या वनस्पती वाढत नाहीत. काठ उभे केले तर लव्हाळ्यास व पाणकणसास जागा उरत नाही. शेकाट्यासारखा उंच पायांचा पक्षी घोटाभर पाण्यातच चरू शकतो. पाणकावळ्यास मात्र बुडी मारण्यापुरती खोली हवी असते. सारांश, उथळ काठ हा दुसरा मार्गही आवश्यकच होय; त्याचे मोल बाष्पीभवनाच्या रूपाने द्यावे लागते.

तिसरा साठा भूगर्भातील. तेथे सूर्याची झळ लागत नाही. पाणी हळूहळू झिरपून विहिरींना मिळते. परंतु ज्या तलावाचे सर्व पाणी झिरपून जाईल, त्यातील मासे व वनस्पती उन्हाळ्यात जगणार नाहीत.

या तिन्ही मार्गांची सांगड कशी घालता येते, हे नगराच्या उत्तरेकडील जक्कूर तलावावर पाहावयास मिळते. त्याचे क्षेत्र सुमारे १६० एकर, म्हणजे ६५ हेक्टर आहे. दररोज एक कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र त्याच्या वरच्या अंगास उभारण्यात आले. केंद्रातून निघणारे पाणी प्रथम पाणकणीस व इतर वनस्पतींनी भरलेल्या उथळ पाणथळीतून संथपणे वाहते. तेथे गाळ खाली बसतो, मुळांवरील सूक्ष्मजंतू उरलेली घाण विघटित करतात आणि वनस्पती नत्र व स्फुरद शोषून घेतात. त्यानंतरच पाणी खोल भागात शिरते. एक कोटी लिटर पाणी ६५ हेक्टरांवर पसरले तर त्याचा थर सुमारे १५ मिलिमीटर होतो. उन्हाळ्यातही दिवसाचे बाष्पीभवन याहून कमीच असते. म्हणूनच पावसाळा संपल्यावरही तलावात पाणी टिकते, पाझर चालू राहतो आणि झोळीवाल्यासारखे पक्षी तेथे येतात.

ही व्यवस्था आपोआप चालत नाही. वाढलेल्या वनस्पती वेळोवेळी कापून बाहेर काढल्या नाहीत, तर त्या कुजून शोषलेली द्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात. शुद्धीकरणात खंड पडला तर काय होते, याचे उदाहरण बेळ्ळंदूर तलावाने दिले आहे. सुमारे ९०० एकरांच्या या तलावात पाण्याची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती शुद्धतेची. अशुद्ध सांडपाण्यामुळे त्यावर फेसाचे ढीग साचले, आणि २०१५ व २०१७ साली तेथे आगीही लागल्या.

तेव्हा किती पाणी साठले, एवढ्यावरून तलावाचे आरोग्य ठरत नाही. मध्यभागी खोली, काठाशी उथळपणा, तळातून पाझर आणि प्रवेशद्वारी शुद्धीकरण, या चारही गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच पाण्याचा साठा खऱ्या अर्थाने तलाव होतो.