नव्या उत्पादनाचे यशमापन : कोल्हापुरी चपलेच्या संदर्भात
जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडाच्या प्रदर्शनात कोल्हापुरी धर्तीच्या चपला झळकल्या आणि महाराष्ट्र व कर्नाटकातील ८ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन लाभलेले हे पादत्राण जगभर चर्चेत आले. तथापि चर्चा म्हणजे मागणी नव्हे. नवा नमुना बाजारात आणताना कारागिराने चौकशांच्या संख्येपेक्षा पुढील तीन निकष नोंदविणे इष्ट ठरते : पूर्ण किमतीस झालेली विक्री, माप वा शिवणीच्या दोषामुळे परत आलेले जोड आणि त्याच ग्राहकाची पुनर्खरेदी. याखेरीज, वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याचा खर्च वजा जाता हातकामाच्या प्रत्येक दिवसामागे उरणारी मजुरी तपासावी. विक्री वाढूनही ही मजुरी घटत असेल, तर ते यश नसून व्यवसायाच्या ऱ्हासाची पूर्वसूचना होय.